बिनचालक गाडी येणार म्हणून फुटपाथ अडवायचा का?

प्रश्न

आमची सोसायटी कोथरूडमध्ये आहे, जुनी, तीन मजली. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. त्यातच समोरच्या, शहराच्या विकास आराखड्यातल्या (डीपी) १८ मीटर रस्त्याचा नवा आराखडा महापालिकेने हरकती-सूचनांसाठी ठेवलाय. दोन्ही बाजूंचे दीड मीटरचे फुटपाथ तीन मीटर होणार, गाड्या लावायला आखीव जागा मिळणार आणि मधला रस्ता साडेसात मीटर राहणार. शेजारच्या सोसायट्यांनी विरोधाचा अर्ज तयार केलाय. त्यात म्हटलंय, "येत्या काळात चालकविरहित वाहने येणार असून त्यांना रुंद व अडथळामुक्त रस्ता लागतो. फुटपाथ रुंद करून शहराचे भविष्य अडवू नये." अर्ज लिहिणारे काका निवृत्त इंजिनियर आहेत. मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले असताना ते वेमो या कंपनीच्या बिनचालक टॅक्सीत बसून आलेत. स्टिअरिंग आपोआप फिरतानाचा त्यांचा व्हिडिओ सगळ्यांच्या ग्रुपवर आहे. दुसऱ्या टोकाला आमच्या कमिटीतला एक तरुण सभासद आहे. तो म्हणतो, पुढे कुणाकडे स्वतःची गाडीच नसणार, मग दोन तळघरांचं पार्किंग हवंय कशाला? मी सेक्रेटरी, त्यामुळे सही दोघांनाही माझीच हवी. काय करू?

— एक सेक्रेटरी, कोथरूड

उत्तर

ताई, काकांच्या अर्जावर सही करू नका. तरुण सभासदाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

आधी एक टेप घ्या आणि संध्याकाळी सातला तुमच्या रस्त्यावर उतरा. कागदावर आज मधला रस्ता १५ मीटरचा आहे. त्यात दोन्ही कडांना लावलेल्या गाड्या दोन-दोन मीटर खातात. त्यांच्या बाहेर "पाचच मिनिटं" म्हणून इंडिकेटर लावून उभी असलेली दुसरी रांग, भाजीची हातगाडी, मेडिकलसमोरच्या आडव्या लावलेल्या दुचाकी. उरतं किती ते मोजा. सात-आठ मीटरच्या वर जात असेल तर मला आश्चर्य वाटेल. आराखड्यात साडेसात मीटरच ठेवलेत, म्हणजे चालत्या वाहनांच्या हातून काही जात नाही. जातं ते दुसऱ्या रांगेचं, आणि अर्जामागची खरी तळमळ तीच असावी असा मला संशय आहे. ती उघड मांडता येत नाही, म्हणून भविष्याला पुढे केलंय.

आता काकांचा तांत्रिक मुद्दा. ते इंजिनियर आहेत, त्यामुळे त्यांना हे पटायला हवं. रस्त्याची लेन गाडीपेक्षा रुंद का ठेवतात? माणूस गाडी एका रेषेत चालवत नाही म्हणून. तो डुलतो, फोन बघतो, शेजारच्या ट्रकला बिचकतो. बसची जास्तीत जास्त रुंदी आपल्या नियमांप्रमाणे २.६ मीटर, मोटारगाडीची पावणेदोनच्या आसपास. तरी लेन तीन-साडेतीन मीटरची असते, ती या डुलण्याची सोय म्हणून. बिनचालक गाडी लायडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र), रडार, कॅमेरे आणि आधी तयार केलेला बारीक नकाशा यांच्या जोरावर स्वतःची जागा काही सेंटिमीटरपर्यंत ओळखते आणि रेष सोडत नाही. तिला आजच्यापेक्षा कमी रुंदी पुरते. अर्जातलं वाक्य उलटं करून वाचलं तर बरोबर येतं.

काका ज्या शहरात त्या गाडीत बसले त्या शहराचंच उदाहरण घ्या. वेमोने सुरुवात केली ती ॲरिझोनात, फिनिक्सच्या उपनगरांत: सरळसोट रुंद रस्ते, कोरडी हवा, पायी चालणारी माणसं मोजकी. पैसे घेऊन सेवा २०१८च्या डिसेंबरात सुरू झाली आणि चालकाच्या जागी कुणीच नसलेली गाडी सर्वसामान्यांसाठी २०२०च्या ऑक्टोबरात आली. तिथून ती सॅन फ्रान्सिस्कोत गेली. तिथे चढ-उतार, ट्राम, धुकं, सायकली आणि आपल्यासारखीच दुहेरी रांगेत थांबणारी डिलिव्हरीवाली मंडळी. त्या शहराने या गाड्यांसाठी रस्ते रुंद केले नाहीत, गाड्यांनाच त्या रस्त्यांवर शिकावं लागलं. उलट, ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नियामकांनी चोवीस तास भाडं घेऊन धंदा करायची मुभा दिली, त्याच्या साडेतीन वर्षं आधीच शहराने आपला मुख्य मार्केट स्ट्रीट खासगी मोटारींना बंद करून बस, सायकल आणि चालणाऱ्यांना दिला होता. २०२५ मध्ये वेमोला तिथे मर्यादित प्रवेश मिळाला आणि त्यावरून वादही झाला. म्हणजे दबाव येतोच. पण रस्ता कुणाचा हे आधी ठरलेलं असलं की दबावाला निदान काहीतरी आडवं येतं.

बिनचालक गाड्या आल्यावर रस्त्याचं काय होईल हे बघायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. आपल्याकडे ही गाडी केव्हाच आली आहे. मालकाच्या दृष्टीने ड्रायव्हर ठेवलेली गाडी म्हणजे बिनचालक गाडीच की. साहेबांना हिंजवडीला सोडून ती रिकामी परत येते. मग मुलांना शाळेत सोडते, पुन्हा रिकामी घरी. दुपारी राहिलेला डबा घेऊन जाते. लक्ष्मी रस्त्यावर बाईसाहेब साडी बघतात तोवर पार्किंग मिळत नाही म्हणून आसपास चकरा मारत राहते. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग बघा. त्यात प्रवासी किती आणि गाड्या किती?

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी नेमका हाच प्रयोग केला. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या १३ जणांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर दिला, तुमची गाडी आपोआप चालते असं समजून हवी तशी वापरा म्हणून सांगितलं, आणि आधीच्या-नंतरच्या आठवड्यांशी ताडून पाहिलं. एकूण धाव ८३ टक्क्यांनी वाढली. १३ माणसांवरून जगाचा नियम काढता येत नाही हे मान्य, पण दिशा ओळखीची आहे. गाडी चालवायचा त्रास गेला की गाडी जास्त धावते, आणि बऱ्याचदा रिकामी धावते. पार्किंगचे तासाला चाळीस रुपये द्यायचे की पंचवीस रुपयांच्या विजेवर फिरत ठेवायची, हा हिशेब मालक क्षणात करेल. त्यामुळे या गाड्यांसाठी मोकळा ठेवलेला रुंद रस्ता त्यांनीच भरून जाईल, त्याही रिकाम्या.

सही करू नका म्हणतो त्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र वेगळंच आहे. ते जरा सविस्तर सांगतो.

१८ मार्च २०१८, रात्री दहाच्या सुमाराची वेळ. ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरची एक चाचणी गाडी ताशी ७० किलोमीटरच्या आसपास येत होती. चालकाच्या जागी देखरेखीसाठी एक व्यक्ती होती, पण तिचं लक्ष फोनकडे होतं. एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होत्या. धडक बसली आणि त्या गेल्या. स्वयंचलित गाडीच्या धडकेने पादचारी दगावल्याची ही पहिली नोंद. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. गाडीच्या यंत्रणेला त्या बाई ५.६ सेकंद आधी दिसल्या होत्या. दिसल्या, पण ओळखता आल्या नाहीत. यंत्रणा त्यांना कधी वाहन म्हणत होती, कधी नुसतीच "इतर वस्तू", कधी सायकल. प्रत्येक वेळी नाव बदललं की ही वस्तू कुठे चाललीय याचा अंदाज पुन्हा शून्यापासून. कारण झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल याचा विचार त्या यंत्रणेच्या रचनेतच नव्हता.

आता त्या जागेचा नकाशा बघा. रुंद रस्त्याच्या मधोमध प्रशस्त दुभाजक. त्यावर विटांनी सुंदर बांधलेली, फुलीच्या आकाराची पायवाट, चालायला आमंत्रण दिल्यासारखी. आणि त्याच दुभाजकाच्या कडेला पाट्या: इथून ओलांडू नका, क्रॉसिंग वापरा. जवळचं क्रॉसिंग सुमारे ११० मीटरवर. रस्त्याची रचना म्हणते ये, पाटी म्हणते येऊ नको, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी पाटीवर विश्वास ठेवला.

आपल्या पौड रोडवर, सिंहगड रोडवर माणसं रस्ता कशी ओलांडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दुभाजकात जिथे फट असेल तिथून. नसेल तर चढून. हात पुढे करून, गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघून, दोन पावलं टाकून थांबत. यंत्राला हे शिकवता येणार नाही असं नाही. वेमोने प्रसिद्ध केलेली आकडेवारी बघितली तर इजा होणारे अपघात माणसांच्या तुलनेत बरेच कमी दिसतात, आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. पण गाडी कायम थांबते हे एकदा लोकांच्या लक्षात आलं की मंडईत ती हलणारच नाही. मग कंपनी किंवा कुणीतरी उत्साही अधिकारी म्हणेल, माणसांना आवरा. कंबरभर उंचीची रेलिंग घाला, क्रॉसिंग कमी करा, पादचाऱ्यांना पुलावर चढवा, मधूनच ओलांडणाऱ्यांना दंड करा.

हे कपोलकल्पित नाही, एकदा होऊन गेलंय. मोटारी नव्याने आल्या तेव्हा अमेरिकेतल्या शहरांत रस्ता सगळ्यांचा होता. मुलं त्यात खेळत आणि धडक बसली तर दोष बहुधा मोटारवाल्याला लागे. १९२०च्या दशकात मोटार क्लब आणि उत्पादकांनी चित्र पालटवलं. लॉस एंजेलिसने १९२५ मध्ये पादचाऱ्यांना ठरावीक जागीच ओलांडायला लावणारा वाहतूक कायदा केला आणि इतर शहरांनी त्याची नक्कल केली. यंत्र सुधारण्यापेक्षा माणूस बाजूला करणं स्वस्त पडलं. तुमच्या शेजाऱ्यांचा अर्ज तेच काम फुकटात करतोय, तेही गाडी यायच्या आधी.

माणसांना पूर्ण बाजूला केलं की स्वयंचलन किती सोपं होतं याचा पुरावा आपल्याच देशात आहे. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावू शकते. कारण तिच्या रुळांवर भाजीवाला येत नाही, कुत्रं येत नाही, फलाटावरही काचेचे दरवाजे. मेट्रोला ते शोभतं. घरासमोरच्या रस्त्याची मेट्रो करायची नसते.

आणि सगळं सुरळीत असताना चालणारी व्यवस्था एका रात्रीत कशी अडते तेही पाहून ठेवा. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागातली वीज गेली, सिग्नल बंद पडले, आणि वेमोच्या कित्येक गाड्या चौकांत, रस्त्यांत थबकून राहिल्या. शेवटी कंपनीला सेवा थांबवावी लागली. पुण्यात वळवाच्या पहिल्या सरीला किती सिग्नल डोळे मिटतात? म्हणून आपला चौक सिग्नलविना चालेल असा हवा: फुटपाथच्या पातळीला उचललेलं क्रॉसिंग, मध्ये थांबायला बेट, वळणावर गाडीचा वेग आपोआप पडेल असा आवळलेला कोपरा. हे सगळं रुंद फुटपाथवाल्या आराखड्यातच बसतं. १५ मीटरच्या मोकळ्या पटांगणात बसत नाही.

"येणार, येणार" म्हणतात तर कधी? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३च्या डिसेंबरात नागपुरात स्पष्ट सांगितलंय की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून बिनचालक मोटारी भारतात येऊ देणार नाही. मंत्री बदलतात, धोरणं बदलतात, त्यामुळे मी यावर पैज लावणार नाही. पण पंधरा वर्षांनंतरच्या गाडीसाठी आज पंधरा वर्षं आजी-आजोबांनी कडेच्या गाड्यांमागून रस्त्यावर उतरून चालायचं, हा सौदा मला पटत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगतात. तुमचा फुटपाथ आज मुळातच दीड मीटर. त्यात विजेचा डीपी बॉक्स, झाड आणि केबलवाल्याचं वेटोळं वजा करा. उरलेल्यात व्हीलचेअर सोडा, छत्री उघडत नाही.

काकांना एक आकडा जरूर दाखवा. अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची 'नॅक्टो' नावाची संघटना आहे. तिच्या अंदाजाने तीन मीटरच्या पट्ट्यातून खासगी मोटारींनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात, राखीव बसमार्गाने ४,००० ते ८,००० आणि फुटपाथने ९,०००. स्टिअरिंगवर कोण आहे याने पहिला आकडा फार हलणार नाही, कारण चार जागांच्या गाडीत एकच माणूस बसलेला असतो. पीएमपीची बस उद्या बिनचालक झाली तर त्यात मला खरा रस आहे. पण तिलाही थांब्याशी नीट चिकटून उभं राहायला जागा लागेल, आणि आज त्या जागेवर दोन मोटारी लावलेल्या असतात.

आता तुमचा तरुण सभासद. स्वतःची गाडी कुणाकडेच नसेल हे भाकीत मी मान्य करत नाही. पुण्यात गाडी ही प्रवासाची जेवढी, तेवढीच लग्नाच्या बोलणीतली वस्तू आहे. पण दोन तळघरांचा हव्यास कशाला, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. गाडीची जागा अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. येण्या-जाण्याची वाट आणि रॅम्प धरला की तळघरात तीच जागा तीसच्या घरात जाते. म्हणजे एक खोली. त्याचा खोदकामाचा, पाणी उपसण्याचा, हवा खेळती ठेवण्याचा खर्च शेवटी तुमच्याच वाढीव क्षेत्रफळातून आणि मासिक देखभालीतून निघतो.

नियमाने जेवढं पार्किंग बंधनकारक आहे तेवढं द्यावंच लागेल, त्यात घासाघीस नाही. त्याच्यापुढे जाऊ नका. बिल्डर "फ्लॅटमागे दोन पार्किंग" असं गाजर दाखवेल, त्याऐवजी तोच पैसा दुसरीकडे मागा. जे पार्किंग होईल ते शक्यतो जमिनीवर किंवा पोडियमवर (इमारतीच्या खालच्या, जमिनीवरच्या मजल्यांत), सपाट मजल्यांचं आणि रॅम्प एका बाजूला वेगळा असलेलं घ्या. उतारावरच गाड्या लावायची रचना केली तर त्या जागेचं पुढे कधीच दुसरं काही होत नाही. मजल्याची उंची बेताची ठेवू नका, तीन मीटरच्या आसपास मागा, म्हणजे उद्या गाड्या कमी झाल्या तर तिथे अभ्यासिका, पाळणाघर, सामानाची खोली काहीही करता येईल. एफएसआयमध्ये (मंजूर बांधकाम क्षेत्रात) ते कसं धरलं जातं हे आर्किटेक्टकडून लिहून घ्या, तोंडी नको. चार्जिंगसाठी केबलच्या नळ्या आत्ताच टाकून घ्या. नंतर भिंती फोडायला दुप्पट लागतात. आणि पार्किंगचं वाटप सोसायटीकडे राहील, फ्लॅटला कायमचं जोडलं जाणार नाही, असं करारात बसतं का ते वकिलाला विचारा. प्रत्येकाने आपापली जागा कवटाळली तर रिकामी झालेली जागाही कधी एकत्र येत नाही.

एक गोष्ट मात्र फाटकाच्या आत नक्की करून घ्या, आणि ती पोरगा विसरलाय: माणसं चढा-उतरायची जागा. आज रिक्षा, कॅब, स्कूल व्हॅन, स्विगी-झोमॅटो, अॅमेझॉनवाला, सगळे रस्त्यावर थांबतात. गाडी बिनचालक झाली तरी ती कुठेतरी थांबणारच, आणि पार्किंगपेक्षा जास्त वेळा थांबणार. दोन गाड्या मावतील एवढा खिसा आवारात काढा, वर छप्पर, पावसात आजोबांना रिक्षात बसवता येईल असं.

विरोधाच्या अर्जाऐवजी तुमच्या लेटरहेडवर स्वतंत्र सूचना द्या. आराखड्याला पाठिंबा आहे हे पहिल्याच ओळीत लिहा, कारण पथ विभागात अर्ज "विरोध" आणि "पाठिंबा" अशा दोनच गठ्ठ्यांत जातात. मग मागण्या. पार्किंगच्या पट्ट्यात दर पन्नासेक मीटरवर एक खिसा फक्त चढ-उतार आणि डिलिव्हरीसाठी राखा. कडेच्या पार्किंगला पैसे लावा, हे लिहायला हात धजावत नसेल तरी लिहा. शाळेच्या फाटकासमोर उचललेलं क्रॉसिंग. रेलिंग नको. दुचाकी चढू नयेत म्हणून बोलार्ड (बुटके खांब), पण व्हीलचेअर जाईल एवढं अंतर सोडून. केबल आणि पाइपसाठी फुटपाथखाली डक्ट आत्ताच, नाहीतर सहा महिन्यांत नवा फुटपाथ उखडलेला दिसेल आणि खडीचा ढीग तसाच राहील. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला. पट्टे दर पावसाळ्यानंतर नव्याने मारावेत. काकांना सांगा, या शेवटच्या दोन मागण्या त्यांच्या लाडक्या गाडीसाठीही आहेत, तिला पुसट पट्टे आणि खड्डे माणसाइतकेच नडतात. कदाचित तेही सही करतील. इंजिनियर माणूस आहे, टेप हातात दिलीत तर मोजायला तुमच्याबरोबर येईलही.

सर्वसाधारण सभेचा ठराव जोडता आला तर उत्तम. नाहीतर कमिटीचा चालेल. हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत दोन प्रती क्षेत्रीय कार्यालयात द्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.